युरोप पाहायला आम्ही हिरादोला गेलो

मार्चमधल्या एका रविवारी मेथी निवडता निवडता सासूबाई केदारला म्हणाल्या, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ रे."

केदार म्हणजे माझा नवरा. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या फेब्रुवारीत साताऱ्याहून आमच्याकडे टोकियोजवळ ग्योतोकुला आल्या होत्या आणि मे अखेरपर्यंत राहणार होत्या. केदार लॅपटॉपमधून डोकं वर काढून म्हणाला, "का गं, काही त्रास होतोय का?"

"त्रास कसला? मी भाजी निवडते, कचऱ्याचे वार पाठ करते आणि नातीकडे बघून हसते. नुसतं हसायचंच तर सातारा काय वाईट आहे?"

नातीचं ऐकून मला लागलं, कारण ते खरं होतं. आमची रेवा नऊ वर्षांची. इथल्याच जपानी शाळेत जाते. तिला मराठी कळतं सगळं, बोलायची वेळ आली की मात्र उत्तर जपानीत येतं, फार तर इंग्रजीत. आजीने काहीही विचारलं की ही "उन्" म्हणायची. उन् म्हणजे हो. आजीने चार वाक्यं बोलायची आणि समोरून एक उन् यायचा. किती दिवस चालणार असं?

आई साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. अजूनही बाजारात गेल्या की बायका लेकराबाळांसकट वाकून नमस्कार करतात, "शेटे बाई, ओळखलंत का?" म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांना आणि माझ्या सासऱ्यांना युरोपला जायचं होतं. टूरवाल्यांची माहितीपत्रकंही घरात येऊन पडली होती. तेवढ्यात सासऱ्यांचं आजारपण निघालं, मग ते गेले, आणि युरोपचं नाव घरात कुणी पुन्हा काढलं नाही.

शाळेला वसंताची सुट्टी लागणार होती. केदारच्या सॉफ्टवेअरचं मार्च अखेरचं रिलीज होतं, त्यामुळे तो हलणं शक्य नव्हतं. मी कावासाकीच्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते, माझी रजा साठली होती. मी विचारलं, "आई, आपण तिघी कुठेतरी जाऊया का? क्योतो? साकुरा फुलेल आता."

"फुलं आमच्या कासच्या पठारावर पण फुलतात." मग मेथीची जुडी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "ते डचांचं बेट कुठे आहे गं?"

"कुठलं बेट?"

"जपानने बाकी सगळ्या युरोपीयांना घालवून दिलं आणि डचांना तेवढं एका बेटावर ठेवलं, असं एक वाक्य होतं पुस्तकात. एकच वाक्य. दरवर्षी ते फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या धड्याकडे जायचं. त्याच्या आत काय आहे ते बघायचं राहिलंच."

मी फोन काढला. बेटाचं नाव देजिमा, गाव नागासाकी. डच त्याआधी जिथे राहत होते ते हिरादो तिथून रेल्वे आणि बस मिळून अर्ध्या दिवसावर. तिकिटं त्याच संध्याकाळी काढली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. टोकियोहून नागासाकीला विमानानेच जा. महिनाभर आधी काढलं तर शिंकान्सेनपेक्षा, म्हणजे बुलेट ट्रेनपेक्षा, स्वस्त पडतं आणि दिवस वाचतो. आम्हाला ऐन वेळी जरा महाग पडलं. ग्योतोकुहून तोझाई लाइनने निहोंबाशी, तिथे गाडी बदलून थेट हानेदा विमानतळ. नागासाकीचा विमानतळ समुद्रातल्या बेटावर आहे, उतरताना खिडकीतून नुसतं निळं पाणी दिसतं. बाहेर बस उभीच असते, पाऊण तासात गावात सोडते.

शाकाहारी असाल तर डबा घ्या. नागासाकीची प्रसिद्ध नूडल्स डुकराच्या मांसाच्या रश्शात असतात आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही मासा असतो. आईंनी धपाटी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी अशी तयारी केली होती की वाटेत भूकंप झाला असता तरी आम्ही आठवडा काढला असता. कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांत, नुसत्या मिठाच्या भाताचा गोळा मिळतो, ओनिगिरी. चटणीला लावून ती काय लागते म्हणून सांगू! केकमधलं अंडं आईंना चालतं. "दिसत नाही ते चालतं," असा त्यांचा नियम आहे.

नागासाकीत ट्राम आहे. कुठेही चढा, कुठेही उतरा, भाडं एकच. सामान हॉटेलात टाकून आम्ही दुपारीच देजिमाला गेलो.

आईंना बेट हवं होतं आणि समोर होती नदी, पलीकडे रस्ता आणि ऑफिसांच्या इमारती. चारी बाजूंचा समुद्र केव्हाच बुजवलाय. पंख्याच्या आकाराचं ते जुनं बेट आता शहराच्या पोटात आहे. पण छोट्या पुलावरून आत गेलो आणि त्यांचा चेहरा बदलला. डचांची लाकडी घरं, गोदामं, मालाचे तराजू, सगळं होतं तसं पुन्हा उभारलंय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला किती लागतं? गप्पा मारत गेलात तरी बोलणं पुरं होत नाही.

"एवढंसं?" आई म्हणाल्या. "एवढ्याशा जागेत दोनशे वर्षं काढली?"

"पूल ओलांडायला परवानगी लागायची, असं लिहिलंय."

त्या चालता चालता शिकवू लागल्या. मला, कारण रेवाच्या कानात इयरफोन होते. डच म्हणजे मुळात स्पेनच्या राजाची प्रजा. राजा कॅथलिक, यांच्यातले कितीतरी नव्या प्रोटेस्टंट पंथाचे. त्यात कर वाढले. यांनी बंड केलं आणि आजोबांनी सुरू केलेली लढाई नातवांनी संपवली. तेवढ्या काळात यांनी राजाशिवाय राज्य चालवून दाखवलं. व्यापारी मिळून ठरवायचे. जहाजांच्या कंपनीचे शेअर लोकांना विकले, मोलकरणींनीसुद्धा घेतले म्हणतात. "आणि पोर्तुगालची गादी त्या वेळी स्पेनच्याच राजाकडे होती. म्हणजे इथे नागासाकीत बसलेले पोर्तुगीज हे यांचे शत्रूच. भांडण तिकडचं, मिटलं इकडे. पोर्तुगीज येताना पाद्री घेऊन आले. डच जपान्यांना म्हणाले, आम्हाला धर्म नको, फक्त माल द्या-घ्या."

वरच्या मजल्यावर डच प्रमुखाचं जेवणाचं टेबल मांडलेलं आहे. भाजलेलं मांस, फळं, काचेचे पेले, सगळं मेणाचं किंवा प्लास्टिकचं. पाटीवर लिहिलेलं मला अर्धंच लागत होतं. रेवाला म्हटलं, वाच गं जरा. तिने एक इयरफोन काढून वाचलं आणि एकदम हसली.

"काय झालं?" आजीने विचारलं.

"ख्रिसमस," रेवा म्हणाली. मग इंग्रजी-जपानी मिसळून मला सांगितलं ते असं: जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी, त्यामुळे डचांना नाताळ करता यायचा नाही. मग ते त्याच दिवसांत मेजवानी द्यायचे आणि म्हणायचे, ही आमची हिवाळ्यातली संक्रांत. जपानी पाहुणेही जेवायला यायचे.

मी मराठीत सांगितल्यावर आई खळखळून हसल्या. जपानात आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "लबाड मेले!" त्या म्हणाल्या.

"लबाड म्हणजे झुरुई?" रेवाने विचारलं.

"झुरुई," मी म्हटलं.

"लबाड," रेवाने म्हणून पाहिलं. तिला शब्द आवडला असावा. संध्याकाळपर्यंत तिने तो ट्रामला, कबुतराला आणि मला लावला.

परतताना एका केकच्या दुकानाशी आई थबकल्या. कासुतेरा नावाचा इथला केक प्रसिद्ध आहे. मी म्हटलं, हे पोर्तुगीजांनी आणलेलं, नाव कॅस्टिलवरून पडलंय.

"कॅस्टिल!" आई दारातच मोठ्याने म्हणाल्या. "अगं, स्पेनमधलं राज्य ते! त्याच्या राणीने कोलंबसला जहाजं दिली!" दुकानातल्या मुलीने काही न कळून नमस्कार केला आणि चाखायला तुकडा पुढे केला. आम्ही दोन खोके घेतले.

खोलीवर केक खाताना एक खेळच सुरू झाला. जपानीत पावाला पान म्हणतात, आपण पाव. पोर्तुगीज जहाजं वसईलाही लागली आणि नागासाकीलाही, तिथे पाव उतरला, इथे पान. साबण आपला, शाबोन यांचा. तंबाखू आपली, ताबाको यांचा. तेम्पुरा तर पोर्तुगीजांच्या उपासाच्या दिवसांचं तळण, असं म्हणतात. "म्हणजे उपासाची भजी," आई म्हणाल्या. रेवाने इयरफोन काढून टाकले होते. "बटाटा?" तिने विचारलं. "बटाटा आपला पोर्तुगीज," आजी म्हणाली, "तुमचा कुठला?" जपानीत बटाट्याला जागाइमो म्हणतात. मी शोधून सांगितलं की हा बटाटा जकार्ताहून डच जहाजांनी आला, जकार्ताचं इथलं जुनं नाव जागातारा, म्हणून जागाइमो.

"बघ," आजी म्हणाली, "भाजी एक आणि भांडण दोन देशांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अणुबॉम्बचं संग्रहालय पाहिलं. त्याबद्दल अशा लेखात दोन ओळी लिहिणं मला जमणार नाही, म्हणून लिहीत नाही. वेळ काढून जा, एवढंच.

तिथून स्टेशनजवळच्या एका टेकडीवर गेलो. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथे सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं. सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे एका भिंतीवर ओळीने उभे आहेत. आई प्रत्येकासमोर थांबत होत्या. मी फोनवर माहिती वाचत होते, आणि एका नावाशी अडखळले.

"आई, यातला एक जण वसईचा आहे."

"कुठल्या वसईचा?"

"आपल्या. ठाण्याच्या पुढची वसई. बाप पोर्तुगीज, आई तिथली. आधी व्यापार करायचा, मग साधू झाला. जपानी इतकं उत्तम बोलायचा की बाकीच्या पाद्र्यांसाठी दुभाषाचं काम करायचा."

आई त्या पुतळ्यासमोर परत गेल्या. मग म्हणाल्या, "वसई मी इतकी वर्षं शिकवली. पोर्तुगीजांचा किल्ला, मराठ्यांनी घेतला, जय झाला, धडा संपला. किल्ल्याच्या आत कोण राहत होतं ते मी कधी एका मुलीलाही विचारलं नाही."

"त्याला का मारलं?" रेवाने विचारलं. जपानीतच, पण विचारलं आजीकडे बघून.

मी अर्थ सांगितल्यावर आजीने तिला बाकावर बसवलं. म्हणाली, "इथल्या सत्ताधाऱ्याला वाटलं, आज पाद्री आले, उद्या त्यांच्या राजाची फौज येईल. अगदीच खोटी भीती नव्हती ती, दुसरीकडे तसं झालं होतं. राजकारण राजांचं, आणि मेले दुभाषे."

रेवा पुतळ्याकडे बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "ममा, त्याला तुझ्यापेक्षा चांगलं जपानी येत होतं ना?"

दुपारी सासेबोची गाडी धरली. ही गाडी मुद्दाम घ्या आणि समुद्राच्या बाजूला बसा. काही ठिकाणी रूळ पाण्याच्या इतके जवळून जातात की आपण होडीत आहोत असं वाटतं. सासेबोहून हिरादोला बस आहे, दीड तासाची, वळणावळणाची. शेवटी लाल रंगाचा झुलता पूल येतो आणि पूल ओलांडला की हिरादो. एका टेकडीवर किल्ला, खाली बंदर, कौलारू गल्ल्या. एका दगडी जिन्यावरून वर बघितलं की देवळांच्या काळ्या छपरांमागे हिरवट चर्चचा मनोरा दिसतो. आम्ही उतरलो त्या छोट्या खानावळवजा हॉटेलच्या मालकीणबाईंनी आम्हाला मासा चालत नाही हे ऐकून डोक्याला हात लावला, आणि मग रताळं, भोपळा, मिरची अशी भाज्यांची तेम्पुरा ताटभर करून आणली. आईंनी चटणीचा डबा पुढे केला. मालकीणबाईंनी चाखली, डोळे पुसले आणि आणखी घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोरी-सान भेटले.

ते तिथे हौसेने गावाची माहिती सांगतात, पैसे घेत नाहीत. पर्यटन कार्यालयात आधी कळवलं की सोय होते. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, चाल भराभर. पहिल्याच पायरीशी आईंना हात दाखवून म्हणाले, "अबुनाका बाई!"

आई जागीच थांबल्या. "यांना कसं कळलं मी बाई आहे ते?"

"काय म्हणाले ते?" मी रेवाला विचारलं. मलाही कळलं नव्हतं. रेवा हसत सुटली. इथल्या बोलीत वाक्याच्या शेवटी बाई लावतात. आपण जसं "आहे बरं का" म्हणू तसं. मोरी-सान नुसतं म्हणत होते, पाय सांभाळा बरं का.

"सांग त्यांना," आजी रेवाला म्हणाली. "सांग की आमच्याकडे मास्तरणीला बाई म्हणतात आणि मी शेटे बाई आहे."

रेवाने सांगितलं. मोरी-सान दोन पावलं मागे सरले, टोपी काढली आणि कमरेत वाकले. "सेन्सेई!" सेन्सेई म्हणजे शिक्षक. मग म्हणाले, ते स्वतः शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्तीनंतर गुडघे दुखू लागले, म्हणून धावणं सोडून इतिहास धरला.

आई म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्या शाळेत मी रजेवर गेले की पी.टी.चे सर इतिहासाचा तास घ्यायचे. परत आल्यावर मला सगळं पुन्हा शिकवावं लागायचं."

मी म्हटलं, आई, हे नको. पण रेवाने इमानदारीत भाषांतर करून टाकलं होतं. मोरी-सान इतके हसले की त्यांना कठड्याला धरावं लागलं. त्यानंतर त्यांनी मुद्दामच प्रत्येक वाक्याला बाई लावली, आईंकडे वळून, मान लववून.

त्यांची बोली माझ्या आवाक्याबाहेर होती. ऑफिसातलं जपानी वेगळं, तिथे मी निभावून नेते. रेवालाही काही शब्द पुन्हा विचारावे लागत होते, पण तिला जमत होतं. म्हणून ती मध्ये, मोरी-सान डावीकडे, आजी उजवीकडे आणि मी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे, अशी आमची वरात निघाली.

बंदराकाठी डचांचं पांढरं दगडी गोदाम पुन्हा बांधलंय. मोरी-सानांनी माथ्यावरचे सालाचे आकडे दाखवले. गोदाम बांधलं तेव्हा डचांनी हौसेने इसवी सन कोरला. इसवी सन म्हणजे येशूच्या जन्मापासूनची मोजणी. राजधानीतून शोगुनचा, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधीशाचा, अधिकारी आला आणि म्हणाला, ख्रिस्ताचं साल चालणार नाही, पाडा. नवंकोरं गोदाम! डच प्रमुख एका शब्दाने वाद न घालता हो म्हणाला. वाद घातला असता तर तिथेच मुंडकं उडवायची तयारी होती, असं मोरी-सान म्हणाले.

"बघा!" आई म्हणाल्या. "तो व्यापारी होता म्हणून वाचला. सरदार असता तर मानासाठी मान दिली असती. युरोपात तेव्हा हेच होत होतं. सरदार मागे पडत होते आणि मध्यमवर्ग पुढे येत होता. सांग त्यांना."

रेवा अडली. "मध्यमवर्ग म्हणजे काय?"

हे ती मराठीत म्हणाली. मी बाटल्या घेऊन एक पाऊल पुढे सरले. आजीने मात्र काही विशेष घडल्याचं दाखवलं नाही, वर्गात उत्तर द्यावं तसं दिलं. "ज्यांच्याकडे जहागीर नाही, पदवी नाही, पण कसब आहे आणि हिशोब येतो, ते लोक."

"बाबासारखे?"

"अगदी बाबासारखे."

रेवाने मोरी-सानांना समजावून सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे, पण शेवटी त्यांनी मला विचारलं की तुमचे यजमान गोदामं बांधतात का.

पुढे बंदराकाठीच एका मुलीचा पुतळा आहे. दूर समुद्राकडे बघणारी. मोरी-सान थांबले, आवाज खाली आणून बोलू लागले आणि रेवा एकेक वाक्य आजीला देऊ लागली. तिचं मराठी मोडकं होतं, लिंग-वचन कुठेही पडत होतं. "डच बाबा. जपानी आई. मग मुलगी झाला. मग शोगुन म्हणाला, बाहेरचं रक्त नको. आई आणि मुली, सगळ्यांना बोटीत बसवला. जागातारा. परत नाही यायचं, कधीच."

मग ती थांबली. मोरी-सान पुढचं सांगत होते, पण तिने ते सांगितलं नाही. पुतळ्याकडे बघत आजीला विचारलं, "आजी, मग त्या घरी गेल्या की घरातून गेल्या?"

मी आजपर्यंत तिला इतकं सरळ मराठी वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं.

आई कठड्यावर बसल्या. "तुला काय वाटतं?"

"घरातून."

"मलाही तेच वाटतं."

रेवा म्हणाली, "शाळेत मला विचारतात. देशात परत कधी जाणार? म्हणजे वाईट नाही विचारत. पण सगळे विचारतात."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी बोलायला गेले, पण प्रश्न मला विचारलेला नव्हता. आईंनी तिला जवळ ओढलं.

"हे बघ. त्या काळी युरोपातसुद्धा हेच चाललं होतं. आधी माणूस आपल्या गावात राहायचा, कुणी फारसं विचारायचं नाही. मग राज्यं मोठी झाली, बळकट झाली, आणि प्रत्येकाला विचारू लागली, तू कुणाचा? राजाचा पंथ तोच प्रजेचा. नसेल तर चालता हो. स्पेनने घालवले, फ्रान्सने घालवले, इथे जपानने घालवले. आणि घालवलेली माणसं जिथे गेली तिथे त्यांनी पुन्हा चूल मांडली. पण तुला कुणी घालवलेलं नाही. मुलं नुसतं विचारतायत. त्यांना सांग, मी सुट्टीत साताऱ्याला जाते आणि घरी ग्योतोकुला येते. जाते आणि येते, एवढा फरक लक्षात ठेव."

"जाते आणि येते," रेवा म्हणाली.

मोरी-सान टोपी हातात धरून उभे होते. त्यांनी रेवाला हळूच विचारलं, सेन्सेई काय म्हणाल्या? रेवाने पुष्कळ वेळ घेऊन सांगितलं. ते ऐकता ऐकता सारखी मान हलवत होते. मग आम्हाला सगळ्यांना जवळच्या मिठाईच्या दुकानात घेऊन गेले आणि कासुदोसु खाऊ घातलं. केकचा तुकडा अंड्याच्या बलकात बुडवून साखरेच्या पाकात सोडतात, वर साखर. यातलं अंडं चांगलं पिवळंधमक दिसत होतं. आईंनी क्षणभर विचार केला आणि खाल्लं. "पाहुणचार आहे," मला म्हणाल्या, जणू मी काही म्हटलं होतं.

निरोप घेताना मोरी-सान म्हणाले, पुढच्या वेळी शाळेतल्या मुलांसमोर बोला, मी व्यवस्था करतो. आई म्हणाल्या, बोलेन, पण दुभाषी हीच हवी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने परतलो. जाणाऱ्यांना माझा सल्ला: नागासाकीला दोन मुक्काम आणि हिरादोला निदान एक द्या, धावतपळत एका दिवसात हिरादो करू नका. मार्चअखेर हवा छान असते, पण समुद्रावरचा वारा बोचतो, आईंनी स्वेटरवर शाल घेतली होती. वयस्कर कुणी बरोबर असेल तर नागासाकीच्या चढांवर ट्राम आणि टॅक्सी वापरा. आणि मुलांना कंटाळा येईल म्हणून घरी ठेवू नका.

घरी आल्यावर केदार म्हणाला, "आई, तिकीट बघितलंय मी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातलं मिळतंय."

"कसलं तिकीट?" आई बॅगेतून चटणीचा रिकामा डबा काढत म्हणाल्या. "हिचं अजून फ्रान्स राहिलंय."

त्या मे अखेरीपर्यंत राहिल्या. दुपारी रेवा शाळेतून आली की दोघी जेवणाच्या टेबलावर बसायच्या. आजी मराठीत सांगायची, नात अर्धं मराठीत विचारायची. फ्रान्सच्या राजाचं डोकं उडालं तेव्हा मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होते आणि मला माइक बंद करावा लागला. रोज हे असं गोड चाललं असं नाही. काही दिवस रेवा कंटाळायची, आजी चिडायची, उन् परत यायचा. पण आता आजी त्या उन्‌ला "पूर्ण वाक्यात उत्तर द्या" असं म्हणायची आणि नात डोळे फिरवून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची.

या प्रवासातून माझ्यासाठी काय राहिलं, हे लिहिताना मी दोनदा थांबले. युरोप मी अजून पाहिलेला नाही, आईंनीही नाही. पण इतकी वर्षं मी त्यांना केदारची आई म्हणून ओळखत होते आणि रेवाला माझी मुलगी म्हणून. हिरादोच्या त्या धक्क्यावर मी पहिल्यांदा एक शिक्षिका आणि तिची विद्यार्थिनी पाहिली. मला तिथे काही करायचं नव्हतं, पाणी धरून उभं राहायचं होतं, आणि ते फार छान वाटलं.

एप्रिलमध्ये रेवा चौथीत गेली. नवा वर्ग, नवी मुलं, सगळ्यांनी उभं राहून आपापली ओळख करून द्यायची होती. काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही. पालकसभेत तिच्या वर्गशिक्षिकेने मला हसू दाबत सांगितलं. घरी येऊन मी ते आईंना जसंच्या तसं मराठीत सांगितलं:

"माझं नाव रेवा. मी ग्योतोकुची आहे. माझी आजी इतिहासाची सेन्सेई आहे, डचांबद्दल काही हवं असेल तर मला विचारा, मी तिला विचारते. आमच्याकडचा एक माणूस चारशे वर्षांपूर्वी नागासाकीला आला होता आणि माझ्या आईपेक्षा चांगलं जपानी बोलायचा."

"मग?" आईंनी विचारलं.

"मग काय, वर्ग हसला म्हणे."

आई हसल्या नाहीत. चष्मा नाकावर खाली घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगी खरं तेच बोलली, अश्विनी. तू दुपारी आमच्याबरोबर बसत जा, जपानी रेवा शिकवेल."